अक्षीय सांगाड्यातील ८० हाडे आणि कण्याचे सीमाभाग

गोव्यातील वाळपई भागातील, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. एका पुस्तकात कण्याचे ३३ मणके सांगितलेले असतात आणि दुसऱ्यात २६ हाडे, तर यांतले बरोबर कोणते? कानातील इवली हाडे आणि गळ्यातील हायॉइड ही कवटीत धरायची की नाही? आणि तिसरा प्रश्न असा, की ही ८० नावे पाठ केली तरी रुग्णाच्या खाटेशी उभे राहिल्यावर त्यांचा उपयोग काय? मी सुरुवातीला शरीररचनाशास्त्र शिकवले आणि त्यानंतर फोंडा तालुक्यात अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करत आलो आहे, त्यामुळे हा तिसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तरी आधी गणतीचा उलगडा करून घेऊ.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे धरतात. त्यांपैकी शरीराच्या मध्यरेषेभोवती असलेली ८० हाडे म्हणजे अक्षीय सांगाडा. उरलेली १२६ हातापायांची आणि हातपाय धडाला जोडणाऱ्या हाडांची. ८० ची फोड अशी: कवटीची २२, दोन्ही कानांतील मिळून ६, हायॉइड १, कण्याची २६, बरगड्या २४ आणि छातीच्या मधोमध असलेली उरोस्थी १. कॉलरबोन, खांद्याचे पाते आणि कमरेचे रुंद हाड ही धडावर असली तरी या यादीत येत नाहीत, आणि विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. हात धडाला हाडाच्या सांध्याने जोडला जातो तो फक्त एका ठिकाणी, कॉलरबोन आणि उरोस्थी जिथे भेटतात तिथे. खांद्याचे पाते बरगड्यांना कुठेही सांध्याने जोडलेले नाही, ते स्नायूंनी धरून ठेवलेले असते. पायाकडे मात्र सॅक्रम (कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर असलेले हाड) आणि कमरेचे हाड यांच्यात प्रत्येक बाजूला एक भक्कम सांधा आहे, कारण धडाचा सगळा भार तिथूनच खाली उतरतो.

३३ आणि २६ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांच्यात फरक आहे तो वयाचा. लहानपणी मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५, सॅक्रमचे ५ आणि माकडहाडाचे बहुधा ४ असे मणके वेगवेगळे असतात. सॅक्रमचे पाच मणके किशोरवयापासून एकमेकांत मिसळू लागतात आणि साधारण पंचविशीपर्यंत त्यांचे एकच हाड होते, माकडहाडाचे तुकडेही एकत्र धरले जातात, म्हणून प्रौढात २४ अधिक १ अधिक १ अशी २६ हाडे उरतात. माकडहाडात कोणाला तीन तर कोणाला पाच तुकडे असतात, त्यामुळे ३३ हा आकडाही अगदी काटेकोर मानू नये. नवजात बालकाच्या शरीरात तर ३०० च्या आसपास हाडे मोजता येतात. त्या वयात एकेक मणका कूर्चेने जोडलेल्या तीन तुकड्यांचा असतो, कपाळाच्या हाडाचे दोन भाग असतात आणि खालचा जबडाही मध्ये दुभंगलेला असतो. लहान मुलांचे एक्स-रे पाहताना या नैसर्गिक फटींना फ्रॅक्चर समजण्याचा धोका असतो, म्हणून हे केवळ परीक्षेपुरते ज्ञान नव्हे.

कानातील मॅलियस, इन्कस आणि स्टेपीस ही प्रत्येक बाजूची तीन हाडे कवटीच्या बाजूच्या टेम्पोरल हाडाच्या आतल्या पोकळीत असतात. त्यांतले स्टेपीस हे शरीरातील सर्वांत लहान हाड. कवटीचा डोलारा उभा करण्यात या हाडांचा काही वाटा नाही, त्यांचे काम ध्वनीची कंपने आत पोहोचवण्याचे, म्हणून ती वेगळी मोजणे मला योग्य वाटते. काही पुस्तके २२, ६ आणि १ एकत्र करून कवटीत २९ हाडे सांगतात. त्या मांडणीनेही एकूण बेरीज बदलत नाही, तेव्हा प्रश्नपत्रिकेत जी मांडणी गृहीत धरली असेल तिच्याप्रमाणे उत्तर लिहावे.

हायॉइड मात्र खरोखरच वेगळे हाड आहे. ते दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांध्याने जोडलेले नाही. जिभेच्या मुळाशी, स्वरयंत्राच्या वर, मानेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीला ते स्नायू आणि अस्थिबंधांच्या आधाराने टांगलेले असते. घास गिळताना हनुवटी आणि कंठमणी यांच्या मधल्या भागावर दोन बोटे ठेवली तर ते वर सरकताना जाणवते. गळा दाबल्याच्या संशयात शवविच्छेदन करणारे डॉक्टर हे हाड काळजीपूर्वक पाहतात. तरुणांमध्ये त्याचे भाग पूर्ण जुळलेले नसल्यामुळे ते लवते, मोडण्याची शक्यता वयाबरोबर वाढते, त्यामुळे हाड शाबूत आहे एवढ्यावरून गळा दाबला गेला नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता तिसरा प्रश्न. एकेका हाडाचे वर्णन सुटे पाठ केले तर ते टिकत नाही. जे टिकते आणि कामाला येते ते सीमाभागांचे ज्ञान: एका प्रकारची हाडे संपून दुसऱ्या प्रकारची कुठे सुरू होतात, आणि तिथे हालचाल, भार व मज्जातंतूंचा मार्ग कसा बदलतो. कण्याच्या पुष्कळशा गंभीर दुखापती, जन्मजात वेगळेपणाचे बहुतेक प्रकार आणि निदानातील पुष्कळसे घोळ याच जागांवर होतात. कवटीलाही हे लागू पडते.

कवटीच्या २२ हाडांपैकी ८ मेंदूभोवती आणि १४ चेहऱ्याची. मेंदूभोवतीची म्हणजे पुढे फ्रॉन्टल, मागे ऑक्सिपिटल, वर दोन पेरायटल, बाजूंना दोन टेम्पोरल, आणि तळाशी स्फेनॉइड व एथमॉइड. चेहऱ्याच्या हाडांत खालचा जबडा आणि नाकामधले व्होमर एकेकटे असून बाकी सहा जोड्या आहेत: वरचा जबडा, गालाचे हाड, नाकाचे हाड, अश्रुमार्गाजवळचे लॅक्रिमल, टाळूच्या मागच्या भागातले पॅलेटाइन आणि नाकपुडीच्या आतले खालचे कॉन्का. यांच्या तपशिलात इथे शिरत नाही. स्फेनॉइड मात्र नीट समजून घ्यावे, कारण ते कवटीच्या तळाशी मधोमध असून मेंदूभोवतीच्या उरलेल्या सातही हाडांना भिडते, त्याच्या वरच्या खोलगट जागेत पिट्युटरी ग्रंथी बसते आणि दृष्टीची नस (म्हणजे मज्जातंतू) त्याच्यातूनच डोळ्याकडे जाते.

कवटीतली सर्वांत नाजूक सीमा कानशिलावर आहे. तिथे फ्रॉन्टल, पेरायटल, टेम्पोरल आणि स्फेनॉइड अशी चार हाडे एकत्र येतात आणि हाड पातळ असते. त्याच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी मिडल मेनिंजियल धमनी जाते. दुचाकीवरून पडून कानशिलावर मार बसला, हाडाला चीर गेली आणि ही धमनी फाटली, तर कवटी आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. रुग्ण काही क्षण बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन नीट बोलतो, घरी जाऊ द्या म्हणतो, आणि काही तासांनी पुन्हा झोपाळू होऊन त्याची प्रकृती झपाट्याने खालावते. मधला तो बरा वाटण्याचा काळ नर्सने ओळखणे फार गरजेचे आहे. गोव्याच्या रस्त्यांवर जेवढ्या दुचाकी धावतात, त्या मानाने ही माहिती प्रत्येक वॉर्डात सर्वांना तोंडपाठ असायला हवी. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला नसेल तर पडताना ते आधी निघून जाते आणि कानशील उघडे पडते, हेही रुग्णांच्या नातेवाइकांना सांगावे.

तान्ह्या बाळाची कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात. मागची टाळू पहिल्या दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची साधारण दीड वर्षाच्या सुमारास. जुलाबांनी पाणी कमी झालेल्या बाळाची पुढची टाळू खोल जाते, तर मेंदूच्या आवरणाला सूज आली तर ती फुगते आणि ताणलेली लागते. बाळ शांत असताना, त्याला उभे धरून टाळू तपासावी, रडताना ती एरवीही वर येते.

कवटी आणि मान यांच्या सीमेवर पहिले दोन मणके इतरांहून अगदी निराळे आहेत. पहिल्याला, म्हणजे ॲटलसला, पिंडही (मणक्याचा पुढचा जाड भाग) नाही आणि मागचा काटाही नाही. तो एक कडे आहे आणि त्याच्यावर कवटी टेकते. दुसऱ्याच्या, म्हणजे ॲक्सिसच्या, पिंडावर दंतप्रवर्ध, म्हणजे दातासारखे वर आलेले टोक, असते आणि तो ॲटलसच्या कड्यात शिरतो. गर्भावस्थेत हा दंतप्रवर्ध ॲटलसच्याच पिंडाच्या भागातून तयार होतो आणि पुढे ॲक्सिसला जुळतो, हे कळले की दोन्ही मणक्यांचे आकार लगेच लक्षात राहतात. होकारार्थी मान डोलवणे हे मुख्यत्वे कवटी आणि ॲटलस यांच्यामध्ये घडते, नकारार्थी मान वळवणे ॲटलस आणि ॲक्सिस यांच्यामध्ये, आणि मानेच्या एकूण वळण्यापैकी जवळजवळ अर्धे याच एका जागी होते. या दोन सांध्यांत गादी (इतर मणक्यांच्या मध्ये असते ती मऊ चकती) नसते. त्यामुळे संपूर्ण कण्यात २३ च गाद्या असतात, तरीही कण्याच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा त्यांचाच असतो.

मानेचे सातही मणके ओळखण्याची खूण म्हणजे त्यांच्या आडव्या प्रवर्धांतील (बाजूला आलेल्या टोकांतील) छिद्रे. मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी बहुधा सहाव्या मणक्याच्या छिद्रात शिरून वर जाते. मणके सात असले तरी मानेच्या नसांच्या जोड्या आठ आहेत: पहिल्या सात आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात आणि आठवी सातव्याच्या खालून. तिथून पुढे प्रत्येक नस आपल्या मणक्याच्या खालून निघते. हा बदल मान आणि छाती यांच्या सीमेवर होतो, आणि हाताच्या बधिरपणाचे मूळ शोधताना त्याचा हिशेब सुटला तर निदान एका मणक्याने चुकते.

याच सीमेवर काही जणांत सातव्या मणक्याला जादा बरगडी फुटलेली आढळते आणि ती हाताकडे जाणाऱ्या नसा व धमनीला दाबू शकते. अपघातानंतर मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे खांद्यांच्या सावलीमुळे नेमका सातव्या मणक्याशी अस्पष्ट होतो. सातवा मणका आणि छातीमागच्या पहिल्या मणक्याचा वरचा काठ दिसत नसेल तर तो एक्स-रे अपुरा समजावा, रुग्णाचे खांदे हलकेच खाली ओढून पुन्हा काढावा किंवा सीटी स्कॅन करावा, आणि तोपर्यंत मानेचा आधार काढू नये. पावसाळ्यात धबधब्याखालच्या कोंडीत किंवा उथळ पाण्यात डोके खाली करून सूर मारणाऱ्या तरुणांना मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या दुखापती होतात. अशा तरुणाला पाण्याबाहेर काढताना मान सरळ रेषेत धरणे हाच सुरुवातीचा आणि सर्वांत मोलाचा उपचार असतो.

छातीमागच्या मणक्यांची ओळख बरगड्यांच्या खुणांवरून होते. पहिल्या सात बरगड्या आपल्या स्वतंत्र कूर्चेने उरोस्थीला पोहोचतात, आठवी, नववी आणि दहावी वरच्या कूर्चेला जुळतात आणि शेवटच्या दोन पुढे मोकळ्या असतात. श्वास घेताना वरच्या बरगड्या उरोस्थीला पुढे आणि वर ढकलतात, तर खालच्या बरगड्या बादलीची कडी उचलावी तशा बाजूला उचलल्या जातात. म्हणून श्वासाची तपासणी करताना छातीच्या दोन्ही भागांवर वेगवेगळे लक्ष द्यावे लागते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला आतून खोबण असते आणि तिच्यात शीर, धमनी आणि नस अशी तिन्ही असतात. त्यामुळे छातीतले पाणी काढण्याची सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला लागून घालतात.

बरगड्या मोजायच्या तर गळ्याच्या खळग्यापासून बोट खाली न्यावे. उरोस्थीचा वरचा भाग आणि मधला भाग जिथे जुळतात तिथे एक आडवा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी असते, तिथून खाली मोजत जावे. पहिली बरगडी कॉलरबोनखाली असल्याने तिच्यापासून सुरुवात करू नये. ईसीजीची पहिली दोन छातीची टोके बरगड्यांमधल्या चौथ्या मोकळ्या जागेत लावायची असतात, आणि ही मोजणी न करता नुसत्या अंदाजाने लावलेली टोके एक जागा वर जाऊन आलेख बदलतात.

कण्याचा जो सीमाभाग गोव्यात काम करणाऱ्या कोणालाही विसरून चालणार नाही, तो म्हणजे छाती आणि कमर यांच्यामधला, बारावा वक्षीय आणि पहिला कटीचा मणका. छातीमागे मणक्यांचे लहान सांधे असे बसलेले असतात, की कणा डावी-उजवीकडे वळू शकतो; कमरेत ते पुढून-मागे उभे होतात, त्यामुळे वाकता येते पण वळता फारसे येत नाही. हा बदल बाराव्या मणक्यात होतो: त्याचे वरचे सांधे छातीच्या धाटणीचे आणि खालचे कमरेच्या. शिवाय वर बरगड्यांच्या पिंजऱ्याने कणा ताठ धरलेला असतो तो आधार इथे संपतो, आणि कण्याचा मागचा बाक संपून पुढचा बाक सुरू होतो. म्हणजे ताठ भाग आणि हलता भाग यांच्या मधल्या या एक-दोन मणक्यांवर सगळा धक्का येतो.

माडावरून पडलेला पाडेली (नारळ पाडणारा), किंवा कुळागरात (पोफळीच्या बागेत) पोफळीवरून घसरलेला कामगार, बहुधा टाचांवर किंवा बसल्या जागी आपटतो, शरीर पुढे दुमडते आणि अकराव्या वक्षीय मणक्यापासून दुसऱ्या कटीमणक्यापर्यंतचा एखादा मणका चेपतो किंवा फुटतो. टाचेचे हाड मोडलेले दिसले की रुग्ण तक्रार करो वा न करो, त्याचा कणा तपासायचा, हा नियम आहे. याच पातळीला मज्जारज्जू संपत आलेला असतो, प्रौढांत साधारणपणे पहिल्या-दुसऱ्या कटीमणक्याशी, आणि त्याच्या खाली नसांचा जुडगा सुरू होतो. त्यामुळे एकाच फ्रॅक्चरमध्ये एका रुग्णाचे पाय पूर्ण लुळे पडतात, दुसऱ्याच्या पायांत थोडी शक्ती राहते आणि तिसऱ्याची फक्त लघवी अडते. लघवी अडणे आणि गुदद्वाराभोवतीचा बधिरपणा यांची नोंद नर्सने पहिल्याच तपासणीत करावी, कारण पुढचे उपचार किती तातडीचे आहेत हे त्यावरून ठरते.

अशा माणसाला चौघांनी हातपाय धरून उचलणे, रिक्षात बसवणे किंवा दुचाकीवर मध्ये धरून नेणे यांमुळे चेपलेल्या मणक्याचा तुकडा मागे सरकून नसांवर दाब येऊ शकतो. मदत करणाऱ्यांची माया मी समजू शकतो, पण पडलेल्या जागीच त्याला पाठीवर सपाट ठेवून १०८ ला कळवणे त्याच्या हिताचे असते. वॉर्डात कूस बदलताना एकाने डोके व मान धरावी, तिघांनी खांदा, कंबर आणि पाय धरावेत, आणि डोके धरणाऱ्याच्या शब्दावर सर्वांनी एकदम वळवावे, म्हणजे कणा कुठेही पिळत नाही.

कमरेचे पाच मणके सर्वांत मोठे आणि जड, कारण वरचा सगळा भार त्यांच्यावर. त्यांपैकी पाचवा मणका आणि सॅक्रम यांची सीमा उतरती असते, म्हणून पाचवा मणका सतत पुढे घसरू पाहतो आणि मागचे सांधे त्याला अडवून धरतात. काही जणांत, विशेषतः वाढत्या वयात कंबर मागे ताणणारे खेळ खेळणाऱ्या मुलांत, या मणक्याच्या कमानीच्या अरुंद भागाला भेग पडते आणि मग मणका खरोखर पुढे सरकू शकतो. गादी सरकण्याचे बहुतेक प्रसंग चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या किंवा पाचव्या आणि सॅक्रमच्या मधल्या गादीचे असतात. पहिल्यात पाचव्या कटीनसेवर दाब येऊन पायाचा अंगठा वर उचलण्याची शक्ती घटते. दुसऱ्यात सॅक्रमच्या पहिल्या नसेवर दाब येऊन टाचेमागच्या स्नायूचा प्रतिक्षेप (ठोकल्यावर आपोआप येणारा झटका) मंदावतो.

याच सीमेवर गणती पुन्हा फसते. काही जणांचा पाचवा कटीमणका सॅक्रमला जुळून जातो, तर काहींचा सॅक्रमचा पहिला तुकडा मोकळा राहून सहाव्या कटीमणक्यासारखा दिसतो. वरून मोजणारा आणि खालून मोजणारा मग त्याच मणक्याला दोन वेगळे क्रमांक देतात. शस्त्रक्रियेच्या आधी संपूर्ण कण्याची प्रतिमा पाहून, वरपासून मोजून मणका ठरवण्याचा आग्रह मी यासाठीच धरतो, आणि केसपेपरवर कोणत्या पद्धतीने मोजले हे लिहून ठेवावे असे माझे मत आहे.

शेवटी सरावासाठी काही खुणा देतो, त्या मैत्रिणीच्या पाठीवर स्वतःच्या बोटांनी शोधा. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी सर्वांत ठळक काटा बहुधा सातव्या मणक्याचा असतो, काही जणांत त्याच्या खालचा पहिला वक्षीय अधिक ठळक लागतो. हात खाली सोडून उभे असताना खांद्याच्या पात्याचे खालचे टोक साधारणपणे सातव्या वक्षीय मणक्याच्या पातळीला येते. कमरेच्या हाडांचे दोन्ही बाजूंचे वरचे काठ जोडणारी रेषा चौथ्या कटीमणक्यावरून जाते, आणि पाठीतले पाणी काढताना किंवा भूल देताना सुई तिच्या लगेच वर किंवा लगेच खाली घालतात, कारण प्रौढांत मज्जारज्जू तोवर संपलेला असतो. नवजात बालकात मात्र तो तिसऱ्या कटीमणक्यापर्यंत उतरलेला असतो, म्हणून त्यांच्यात वरची जागा वापरत नाहीत. त्याच्याही खाली नितंबांच्या वर दोन खळग्या दिसतात. त्या सॅक्रमच्या दुसऱ्या तुकड्याच्या पातळीला असतात, आणि पाठीच्या पाण्याची पिशवी साधारण तिथेच संपते.